रोजचं मालीश

सारिकाच्या आठ महिन्यांच्या लेकाला खरूज झाली, तेव्हा सासूनं, कस्तुराबाईंनी, दवाखाना नको म्हटलं. गवती चहाचं तेल खोबरेलात कालवून त्या रोज नातवाला मांडीवर घेऊन चोळायच्या. पुरळ चार दिवस बसायचं, पुन्हा उठायचं. शेवटी सारिका टाकव्याहून त्याला घेऊन लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. सासूबाईही हट्टानं निघाल्या. "तेलानं खरजेचा किडा थोडा दबतोय, पण कुणाच्या तरी हातांवरून रोज परत येतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हा दोघींचे हात दाखवा." सारिकाचे हात स्वच्छ होते. कस्तुराबाईंचे पदराखालीच राहिले. बाईंनी ते हलकेच बाहेर घेतले. बोटांच्या बेचक्या खाजवून सोलवटल्या होत्या. "पाच म्हैनं झालं," कस्तुराबाई पुटपुटल्या. "सांगितलं असतं, तर लेकरू माज्याकडं दिलं नसतंस." बाळ सवयीनं आजीकडं झेपावलं, आणि आजीनंच हात पाठीमागं नेले.