भावाने नेमलेला माणूस

"मला भाऊ नाही हो," बाई म्हणाली.

डिटेक्टिव्हच्या हातातलं पेन वहीवर तसंच टेकून राहिलं. तीन आठवडे वणवण करून त्यानं तिला शोधून काढलं होतं. कापड बाजाराच्या मागच्या इमारतीत तिसरा मजला, एक खोली, शिलाई मशीन आणि काज-बटणासाठी आलेल्या शर्टांचा हा एवढा ढीग. आता फक्त तिच्या तोंडून 'मी बरी आहे' ऐकायचं आणि भावाला कळवून मोकळं व्हायचं. आणि ही म्हणते, भाऊच नाही.

"सख्खा नसेल. चुलत, मावस?"

"कुणीच नाही. कसा दिसतो हा भाऊ?"

"उंच. बोलायला अगदी मऊ. माझ्यासमोर रडला हो तो. ताई दोन घास जेवते की नाही, एवढंच कळू दे म्हणाला."

"रडताना डोळे पुसतो?"

डिटेक्टिव्ह आठवू लागला. "नाही. पुसत नाही. तसंच ओघळू देतो."

बाई मटकन खाली बसली. "नवरा आहे तो माझा."

आता हा डिटेक्टिव्ह म्हणजे त्या धंद्यातलं एक नवलच होतं. बायको पळाली, शोधून द्या, म्हणत येणाऱ्या नवऱ्यांना तो दारातूनच वाटेला लावायचा. हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं, म्हणजे या नवऱ्यालाही कुणीतरी सांगितलं असणारच. आणि खोटं बोलणं तर त्याला या जन्मी जमलं नव्हतं. भाजी कशी झालीय, असं बायकोनं विचारलं तरी त्याच्या घरात दोन दिवस अबोला असायचा.

"त्याला काय काय सांगितलंत?" बाईनं विचारलं.

"तुमच्याबद्दल अजून काहीच नाही." एवढं बोलला आणि त्याची नजर घड्याळाकडे गेली. रोज सकाळी गिऱ्हाइकाला फोन करायचा आणि आज कुठे जाणार ते सांगायचं, ही त्याची पद्धत. ज्याचं काम त्याला अंधारात ठेवू नये, म्हणून. आज सकाळीही त्यानं फोन केला होता. गल्ली सांगितली होती. इमारत सांगितली होती. वर, दुपारपर्यंत पक्कं कळवतो, असंही म्हणाला होता.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"ताई, उठा," तो म्हणाला. "निघा. आत्ताच्या आत्ता. मागून जिना आहे ना?"

ती उठली खरी, पण तिचे हात कुठल्या कुठे चालले होते. पिशवी घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. "मागच्या वेळी सापडले तेव्हा तीन महिने अंथरुणाला खिळले होते. आता सापडलीस तर जिवंत ठेवणार नाही म्हणालाय. मुलगी शाळेत आहे हो माझी, तिला घेते आणि तिथून तशीच..."

'मला सांगू नका' म्हणायला त्यानं हात वर केला. पण घाबरलेलं माणूस, बोलून गेली. शाळा कुठली, तिथून बस कुठली, कुठल्या गावच्या मैत्रिणीकडे उतरणार, सगळं सांगून झालं तिचं. आता ते त्याच्या डोक्यात होतं आणि बाहेर काढून फेकता येत नव्हतं.

"दादा, तुम्हीही चला," दारातून ती म्हणाली.

"तुम्ही व्हा पुढे."

मागचा लोखंडी जिना वाजत वाजत खाली गेला. खाली तीन गल्ल्या फुटत होत्या, त्यांतल्या एकीत ती दिसेनाशी झाली. डिटेक्टिव्हनं मागचं दार लावून घेतलं. पुढचं मात्र उघडंच ठेवलं. ते बंद दिसलं असतं तर येणारा तडक मागच्या जिन्याकडे वळला असता. आपण किती घाबरलोय हे त्याला फोन काढताना कळलं, बोटं आकड्यांवर पडेनात. पोलिसांचा नंबर लागायच्या आतच पुढच्या जिन्यावर पावलं आली. सावकाश, एकेक पायरी मोजत आल्यासारखी.

भाऊ म्हणवणारा दारात उभा राहिला. हसला. "सापडली का आमची ताई?"

डिटेक्टिव्हनं फोन छातीशी धरला.

नवऱ्यानं आत येऊन मशीनवर हात ठेवला. सुई एका शर्टाच्या अर्धवट काजात रुतलेली होती. फोन त्यानं डिटेक्टिव्हच्या हातातून इतक्या अलगद काढून घेतला, की आभार मानतोय असंच वाटावं. "इथेच होती ना?"

"होती."

"कुठे गेली?"

'माहीत नाही.' दोन तर शब्द. डिटेक्टिव्हनं ते मघापासून मनात घोळवून ठेवले होते, जिभेच्या टोकाशी आणले होते. पण त्याला आपला चेहरा ठाऊक होता. शब्द बाहेर पडायच्या आधीच चेहऱ्यानं चुगली केली असती. घरी बायको जेवायला वाट पाहत असेल, असं उगाचच मनात आलं आणि त्याला रडू फुटेल की काय असं वाटलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "सांगणार नाही."

नवऱ्यानं मान डोलावली. त्याला राग आलेला दिसत नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटत होती. "तुम्ही खोटं बोलत नाही साहेब, म्हणून तर मी तुमच्याकडे आलो."

त्यानं दार लोटलं, वरची कडी लावली, मग खालची. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडल्या.

"सावकाश आठवून सांगा. मला काही घाई नाही."

डिटेक्टिव्हनं स्टूल ओढलं आणि तो बसला, कारण उभं राहणं आता शक्य नव्हतं.

"मलाही नाही," तो म्हणाला.