काच आणि कागदाच्या मधली जागा

श्रीधरने काचेवर हिरा टेकवला आणि रघुनाथरावांनी त्याचं मनगट धरलं.

"काच नको."

"काकाजी, हात कापन ना!" श्रीधरने काच कापायचा हिरा बाजूला ठेवला. पांढुर्ण्यात तो वीस वर्षं फ्रेमचं दुकान चालवत होता. काचेवरून भांडणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं होतं. "काचेबिगर फ्रेम म्हंजे खिडकीच झाली जी."

हिमानीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा. नागपूरच्या प्रदर्शनाने फोटो पाहून तिचं चित्र निवडलं होतं. मूळ चित्र आज पाचपर्यंत पोचवायचं होतं आणि त्यासाठी दीडची बस गाठायची होती. पत्रातली अट साफ होती: पेस्टलचं चित्र काचेच्या फ्रेममध्ये असेल तरच स्वीकारू. अकरा वर्षं ती शाळेत चित्रकला शिकवत होती. तिचं स्वतःचं चित्र कुठे लागण्याची ही पहिलीच वेळ.

चित्र टेबलावर आडवं होतं, वर बटर पेपर. खाली सासऱ्यांचाच चेहरा. त्यासाठी रघुनाथराव पाच रविवार संत्र्याच्या झाडाखाली न हलता बसले होते. आज ऑटोत चित्राचा बोर्ड सपाट धरायला म्हणून ते सोबत आले. काच बसवायची आहे हे त्यांना दुकानात आल्यावर कळलं.

श्रीधरने बटर पेपर उचलला. चित्रातल्या टोपीच्या कडेवर निळी भुकटी दिसली. फुंकायला तो वाकला. हिमानीने मध्ये हात घातला.

"फुंकू नका, भाऊ. थुंकीचा थेंब पडला की डाग बसते." तिने बोर्ड उभा केला आणि मागून दोन टिचक्या मारल्या. भुकटी टेबलावर पडली. "हा खडूच आहे. कागदावर नुसता टेकून असते. बोट लागलं तरी जाते."

"मंग प्लास्टिकची शीट लाव," रघुनाथराव म्हणाले.

"प्लास्टिक रंग ओढून घेते, मामाजी. कंगवा केस ओढते ना, तसं."

"लॅमिनेशन?"

"गरम रोलरखाली सगळा चेहरा फासला जाईल."

"तो रंग पक्का कराचा फवारा होता ना तुह्याजवळ?"

"फवाऱ्यानं पांढरा रंग दबते. तुमची दाढी काळी दिसन."

"दिसू द्या ना मॅडम," श्रीधर म्हणाला. "काकाजीचं वय पंधरा वर्षानं कमी होऊन राहिलं."

रघुनाथराव हसले नाहीत. श्रीधरच्या मागच्या भिंतीवर जामसांवलीच्या मारुतीच्या फ्रेमा ओळीने लागल्या होत्या. त्यांच्या खाली न्यायला कोणी न आलेले म्हाताऱ्याकोताऱ्यांचे फोटो. श्रीधरने एकदा तिकडे पाहिलं, एकदा रघुनाथरावांकडे.

"समजलं मले. जित्या माणसाचं तोंड काचेत गेलं का मंग हारच येते, असं वाटून राहिलं यायले. घाबरू नका काकाजी, मी हार इकत नाही."

हिमानीलाही त्यांच्या नकाराचं कारण तेच वाटलं. गावात असं मानणारे पुष्कळ होते. पण सासरे त्यातले असतील असं तिला वाटलं नव्हतं.

"मामाजी, पाच रविवार बसलात तेव्हा नाही वाटलं काही? आता ऐन वेळेवर हा वहम?"

"दुसरं एखादं पाठव."

"दुसरं निवडलंच नाही त्यायनं."

रघुनाथराव कापून ठेवलेल्या काचांकडे पाहत राहिले. हिमानीने बटर पेपर पुन्हा चित्रावर पसरला आणि चारही कोपऱ्यांना टेप लावायला घेतली.

"राहू द्या, भाऊ. चेहरा त्यांचा आहे. ते नाही म्हणतात तं नाही."

"अन् ह्या पट्ट्याचं का करू?" श्रीधरने लाकडाच्या चार बारीक पट्ट्या उचलून दाखवल्या. "तुम्ही फोनवर सांगितल्या म्हून सकाळीच कापल्या. आता कोन्या कामाच्या?"

"कायच्या पट्ट्या?" रघुनाथरावांनी विचारलं.

"काचेखाली कडेकडेनं लावाच्या असतात," हिमानी टेप तोडत म्हणाली. आवाजातला राग अजून गेला नव्हता. "काच रंगाले टेकली तं रंग काचेवर जाते. म्हणून मधात जागा ठेवतात."

"टेकतच नाही काच?"

"नाही."

"पावसाळ्यातही?"

"पावसाळ्यातही नाही, मामाजी."

रघुनाथरावांनी दोन पट्ट्या पुठ्ठ्यावर समोरासमोर ठेवल्या. त्यांच्यावर काचेचा एक तुकडा ठेवला. खिशातून ऑटोवाल्याने दिलेलं कार्ड काढून ते काचेखालून सरकवलं. कार्ड इकडून तिकडे सहज गेलं. त्यांनी काच दाबून पुन्हा सरकवलं. पुन्हा गेलं.

"काप," ते श्रीधरला म्हणाले.

अर्ध्या तासात फ्रेम तयार झाली. श्रीधर मागच्या बाजूला कागदी टेप चिकटवत होता. हिमानीने बसची वेळ पुन्हा मनात मोजली. वेळ होता. ती सासऱ्यांच्या शेजारी स्टुलावर बसली.

"बोलली मी तुम्हाला. चुकलं," ती हळू आवाजात म्हणाली. "मरणाची भीती सगळ्यालेच वाटते."

"मराची कायची भीती वो पोरी?"

टेपवरचा श्रीधरचा हात थांबला.

"तुह्या सासूचा फोटो याच्याच दुकानातून काचेत बसवून नेला होता. भिंतीवरून तो मोठ्या पोरीनं नेला म्हून तुमाले खोटंच सांगतलं मी. मागच्या झडीत भिंतीले ओल आली. फोटो पुसाले म्हून मी काच काढली, तं कागद माह्या हातात आला अन् तिचं तोंड काचेवर राहिलं."