एका बोटाचं उत्तर

शीतकक्षात गारठवून जगवलेल्या गेनबाच्या नसांतून बोटापर्यंत निरोप पोचायला कधी अर्धा दिवस लागे, कधी पुरा. बोट हललं म्हणजे 'हो'.

काल सकाळी नर्सनं विचारलं होतं, "बाबा, थंडी वाजते का?"

"बर्फात ठेवलंय आणि वर विचारतेस होय गं?" त्याची बायको कौसाबाई म्हणाली होती.

दुपारी तिनं स्वतःच विचारलं, "अहो, आता हे यंत्र बंद करायचं का?"

आज सकाळी तिच्या मुठीतलं बोट हललं. एकदाच.

डॉक्टर म्हणाले, "आजी, हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर, तुम्हीच सांगा. यंत्र थांबवू?"

कौसाबाईनं ते बोट पदरात गुंडाळलं.

"पोरी," ती नर्सला म्हणाली, "त्यांना थंडी वाजतेय. घोंगडी आण."