चौदावा चिनार

शोइक्रोमने नानचा एक घास तोडून खाल्ला आणि उरलेला नान मुलीच्या हातात दिला.

"हा टांग खिळ्याला."

"बाबा, बागेत चाललायत तुम्ही, रशियाला नाही," साओदत म्हणाली. पण टांगला. ताश्कंदात लांबच्या वाटेला लागलेला माणूस असा एक घास खाऊन निघतो आणि परत आला की उरलेला नान स्वतःच संपवतो. तोवर त्याला कोणी हात लावत नाही.

"आज मला लांबच जायचंय," म्हातारा म्हणाला.

ते काही खोटं नव्हतं. बाग जेमतेम अर्ध्या तासावर. पण तिथवर एकट्याने जाऊन एकट्याने परत आला, तरच तो या घरात राहणार होता. नाहीतर रविवारपासून मुक्काम साओदतकडे, अकराव्या मजल्यावर. अट तिनेच घातली होती. ती वीस पावलं मागून चालेल, बोलणार नाही, आणि वाटेत कोणी त्याला मदत करायची नाही.

चाळीस वर्षं त्याने ट्राम चालवली. रूळ नेतील तिकडे जायचं, मनात कितीही आलं तरी मध्येच उतरायचं नाही. म्हणून निवृत्त झाल्यावर तो जो पायी सुटला तो सुटलाच. डोळ्यांपुढे धुकं दाटलं तरी थांबला नाही. चिनारांच्या बुंध्यांना मोहल्ल्यातली माणसं दर वसंतात चुना फासतात. तेवढा पांढरा डाग त्याला दिसायचा. डाग दिसला की जाऊन तळहात टेकायचा आणि मोजायचं. चौदाव्या चिनारापाशी उजवीकडे वळलं की बागेचं फाटक. डिसेंबरात मात्र तो न्हाणीघरात पडला, आठ तास फरशीवर तसाच होता, आणि त्यानंतर आजच पहिल्यांदा बाहेर पडत होता.

हवा सुरेख होती. पाटाचं पाणी सोबतीला खळखळत होतं. वर साळुंक्यांची भांडणं जुंपली होती. चौथ्या चिनारावर त्याने हात जरा जास्तच वेळ ठेवला आणि "काय रे, बरा आहेस ना?" असं विचारलं. आई गेल्यापासून साओदतने त्याला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. तिला ते बघवेना.

सातव्यापाशी होजिअकबरचा समोशांचा तंदूर होता.

"शोइक्रोम अका! मी तर तुमच्या मयतीच्या पुलावाची वाट बघत होतो."

"तुझे समोसे खाऊन जे गेले त्यांचा आधी संपव," म्हातारा न थांबता म्हणाला.

होजिअकबर पोट धरून हसला. म्हातारा पुढे गेल्यावर हळूच साओदतला म्हणाला, "ताई, आठव्यापुढची चार झाडं कापली, ते सांगितलंस ना त्यांना?"

साओदतने ओठांवर बोट ठेवलं आणि चालू लागली. अट म्हणजे अट, तिने स्वतःला बजावलं. त्या आठ तासांची भीती तिच्या मनातून अजून गेली नव्हती, आणि भ्यालेलं माणूस कशालाही न्याय म्हणतं.

आठव्या चिनारानंतर पांढरा डाग येईना. म्हातारा थबकला, पुन्हा निघाला. पायाखाली नवी फरसबंदी लागली, गुळगुळीत, कुठे बुंधा नाही की मूळ नाही.

"पाय आखडले हिवाळ्यात," तो पुटपुटला. "एवढंसं अंतर, तेही सरत नाही."

साओदतने ते ऐकलं. वीस पावलांचं अंतर राखून ती चालत राहिली.

मग नववा लागला. मग दहावा. दहाव्याच्या उजव्या हातालाच फाटक होतं, सताड उघडं. आतून ओल्या मातीचा वास येत होता. म्हाताऱ्याने त्या दिशेला तोंड वळवलं, क्षणभर उभा राहिला. पण मोजणीत चार बाकी होते, आणि या मोजणीने त्याला आजवर कधी दगा दिला नव्हता. तो पुढे निघाला.

चौदाव्यावर तळहात टेकून तो ऐटीत उजवीकडे वळला. तिथे नव्या दुकानांच्या तळघरातून गाड्या वर येण्याचा उतार होता. भोंगा कर्कश वाजला. साओदतने धावत जाऊन त्याच्या अंगरख्याला धरून त्याला मागे ओढलं.

दोघं पाटाच्या कडेला बसली. त्याने बोटांवर पुन्हा मोजणी केली आणि विचारलं, "किती कापली?"

"चार."

"कधी?"

"जानेवारीत. ही दुकानं निघाली तेव्हा."

त्याने मान हलवली. "म्हणजे पाय नव्हते आखडले."

"नाही, बाबा."

"सकाळी सांगता आलं असतं तुला."

"आलं असतं," ती म्हणाली.

परतताना तिने त्याचा हात धरला. त्याने सोडवून घेतला नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटलं. वाटेतल्या एकाही चिनारापाशी तो थांबला नाही.

घरी तिने चहा ओतला, खिळ्यावरचा नान काढून त्याच्यापुढे ठेवला. म्हाताऱ्याने बोटांनी चाचपत सकाळच्या घासाची जागा शोधली. कड आता वाळली होती. मग नान त्याने तिच्याकडे सरकवला.

"हा टांग परत," तो म्हणाला. "घराला कुलूप लावलंस तरी राहू दे तिथेच. मी अजून आलेलो नाही."