समुद्राच्या आड

थॉमस तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसला की खाली धाकट्या भावाची वाडी दिसायची आणि त्याचं डोकं तापायचं. बेसिलने केळींच्या मधोमध तंबू ठोकले होते, आणि मुंबईची कुटुंबं पैसे मोजून तिथे जमिनीवर झोपायला येत होती.

"घरी गादी असताना इथे डास चावून घ्यायला आलेत, बघ!" तो बायकोला म्हणाला. "ती बाई तर नाकाला रुमाल लावून म्हशीशेजारी फोटोला उभी राहिलीय. आणि आमचा बेसिल त्यांच्या पोरांना विहिरीवर आंघोळी घालतोय, आया झालाय नुसता! बापाने समुद्राकडची वाडी मला दिली, विहिरीकडची याला, ती काय सर्कस मांडायला? अब्रू घालवली याने बापाच्या जमिनीची."

कॅथरिन वाल सोलत राहिली.

खाली एक टोपीवाला पाहुणा कमरेवर हात ठेवून वर बघत होता. त्याचा आवाज गॅलरीपर्यंत आला. "बाकी सगळं झकास आहे हो, पण ही बिल्डिंग नेमकी समुद्राच्या आड आलीय. आधी तिथेही वाडीच असेल ना? कुणी विकली?"

थॉमस खुर्चीत ताठ झाला.

बेसिलने मान वर केली. गॅलरीतल्या भावाकडे क्षणभर बघितलं. मग पाहुण्याच्या पोराच्या डोक्यावर बादली ओतत तो म्हणाला, "इथलं कोण विकेल बापाची वाडी? असेल कुणी बाहेरचा."