निजलेलं शेवाळ

चार दिवस आटलेल्या ओढ्याला पाणी सुटलं आणि दुपारपर्यंत सगळ्यांचे दगड हिरवे झाले. हौसाबाईचा मात्र पांढराफटकच राहिला. याच दगडावरच्या शेवाळाच्या विजेवर तिच्या नवऱ्याचं श्वासाचं यंत्र चालायचं.

"निजलंय अजून. उठेल," ती म्हणाली.

शेजारच्या गोदाक्कानं दगडावर नख ओढलं. नखाखाली भुकटी आली. "मेलंय गं हे."

ओढा आटला की गावातली वीज जायची. शेवाळ वाळून निजायचं, पाणी आलं की उठायचं. हौसाबाईला तेवढाही खंड चालणार नव्हता. आठ वर्षं ती विहिरीची घागर आणून आपला दगड ओला ठेवत आली होती. या खेपेला ती तापानं पडली, दगड वाळला, आणि यंत्र दवाखान्याच्या बॅटरीवर कसंबसं चाललं.

"मी तर एक दिवस चुकवला नव्हता," ती म्हणाली.

"तेच झालं. आमची दर खेपेला निजून उठलेली. तुझ्याला निजायचं कसं ते ठाऊकच नव्हतं."

गोदाक्कानं आपल्या दगडावरचा हिरवा पापुद्रा सोलून तिच्या दगडावर थापला, आणि आपली तार तिच्या घराला जोडून दिली.

पुढच्या महिन्यात ओढा पुन्हा आटला. हौसाबाई सवयीनं घागर घेऊन आली. पापुद्रा कडेनं करपत होता.

"ओतू नकोस," मागून गोदाक्का म्हणाली. "बॅटरी लावलीय. यंत्रापाशी मी बसते. तू पड जरा."

हौसाबाईनं घागर खाली ठेवली आणि दगडाशेजारी आडवी झाली. डोळे काही केल्या मिटेनात.