फौजदारांचा जबाब

१९९७ साल. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन महिना झाला, तरी रिटायर्ड फौजदार रंगरावांच्या वेदना थांबेनात. सांगलीच्या डॉक्टर उमाताई नवं मशीन घेऊन आल्या. "डोक्याला दोन तारा लावून बारीकसा करंट द्यायचा. दुखणं हलकं होईल."

रंगराव हसले. "आवं बाई, तारा लावून कोठडीत लय जणांना बोलतं केलंय मी."

तारेची पहिली गार पट्टी कानशिलाला चिकटली आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं. "नगा, साहेब! सांगतो! आष्ट्याचा महादू कोठडीतनं पळाला न्हाई. कागदावर मीच तसं लिवलं. शॉक देता देता मेला त्यो, उसाच्या फडात पुरलाय!"



मशीनचा प्लग अजून उमाताईंच्या हातातच होता.